डाव्या बाजूची हाक

कामिनीला मी आधी ओळखू लागले ते भिंतीपलीकडून. जळगावच्या आमच्या कॉलनीत घरं जोडून आहेत. माझी झोपायची खोली आणि तिची मधली खोली यांच्यात एकच भिंत. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा माझे यजमान होते, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून तिकडे वरण शिजतंय की बटाटे, हे ते सांगत. मला मात्र ऐकू यायची ती हाक. "कामिनी वं." आणि लगेच पाठोपाठ फरशीवर चपलांचा आवाज. हाक आणि चपला यांच्यात कधी अंतर पडायचं नाही.

हाक मारणाऱ्या तिच्या सासूबाई, पार्वताबाई. शिरपूरकडच्या, तापीकाठच्या एका खेड्यातल्या. मुलगा समाधान एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर झाला म्हणून त्या जळगावला आल्या, पण बोली तिकडचीच राहिली. वाईट बाई नाही. माझ्या आजारपणात खिचडी पाठवली आहे त्यांनी. पण पाठवली कामिनीच्या हातून, आणि शिजवलीही तिच्याच हातून.

कामिनी सावद्याची. तिच्या वडिलांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. केळीचा हंगाम संपला की लग्नं लागत, आणि कर्णे, अॅम्प्लिफायर, वायरची भेंडोळी घेऊन ते गावोगाव जात. ही लहानपणी त्यांच्यामागे. कोणत्या कर्ण्याचा पडदा फाटलाय हे ती मांडवाबाहेर उभी राहून सांगायची, असं तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पुन्हा फारसं दिसलं नाही. पुढे तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. लग्न ठरवायच्या वेळी वडिलांनी बायोडाटा छापला, त्यात वर 'गृहकृत्यदक्ष' आणि डिप्लोमा खालच्या ओळीत. "तेव्हा मी हसले होते, काकू," ती म्हणाली. "टायपिंगची चूक वाटली मला. ओळी खालीवर झाल्या असतील म्हटलं."

लग्नानंतर काही वर्षं तिने काहीच केलं नाही, म्हणजे घरातलं सगळं केलं. मग धुळ्याच्या प्रेमराजचं काम तिच्याकडे आलं. प्रेमराज अहिराणी गाणी काढतो. हळदीची, वरातीची, भावजयीला चिडवण्याची. कापसाच्या शेतात एक मुलगी नाचते, मागून ट्रॅक्टर येतो, वरून ड्रोन फिरतो, आणि ते यूट्यूबवर चढवलं की लाखो लोक बघतात. गाणं रेकॉर्ड झालं की सगळे आवाज एकमेकांत बसवावे लागतात. संबळ किती वर, बँजो कोणत्या बाजूला, गाणाऱ्याचा श्वास कुठे कापायचा. याला मिक्सिंग म्हणतात. आधी त्यासाठी प्रेमराज नाशिकला जायचा. नातेवाइकांच्या नातेवाइकांकडून त्याला कळलं की जळगावात एक बाई घरबसल्या हे करू शकते. घरबसल्या म्हणजे स्वस्तात.

कामिनीने मधल्या खोलीत, भिंतीला लागून टेबल मांडलं. भिंतीपलीकडे मी. डाव्या हाताला दार, आणि दाराच्या पलीकडे पार्वताबाईंची खोली. ही मांडणी लक्षात ठेवावी लागेल.

तिने केलेली गाणी मी मोबाइलवर बघायची. शेवटी नावांची यादी यायची. गीत, संगीत, गायक, कॅमेरा, ड्रोन, मेकअप. चहापाणी व्यवस्था : मगनभाऊ. तिचं नाव नसायचं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मगनभाऊंचा चहा सगळ्यांना दिसतो ना."

पण तिला ते लागत होतं. गेल्या हिवाळ्यात तिने फोनवर प्रेमराजकडे सरळ मागितलं. प्रेमराज माणूस गोड. म्हणाला, "ताई, एवढंच ना? हे हळदीचं गाणं येतंय, ते पूर्ण तुम्ही करा. कोरससुद्धा तुमच्याच आवाजात घ्या. नाव टाकतो. एकटं टाकतो, आख्ख्या पडद्यावर."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे विरजण मागायला आली आणि बसली. ती सहसा बसत नाही. "नाव आलं की चाळीसगावचे, नाशिकचे लोक शोधत येतील, काकू. मग काम माझ्या नावावर येईल. आत्ता ते प्रेमराजभाऊंच्या मर्जीवर येतं. मग दुपारपुरती आईंसाठी एखादी बाई ठेवता येईल. मग दार लावता येईल."

दार लावता येईल, हे ती शेवटी म्हणाली, आणि विरजण घेऊन गेली.

कोरस तिने एका दुपारी घेतला. तेव्हा तिच्याकडे जाड, काळे हेडफोन होते, कान पूर्ण झाकणारे. गाताना तेच घालावे लागतात, तिने समजावलं होतं. नाहीतर कानातलं संगीत बाहेर गळून माइकमध्ये जातं. समोर माइक, कानात संबळ आणि बँजो. ती दोन ओळी म्हणायची, मग संगीताचा तुकडा जाऊ द्यायची, मग पुढच्या दोन.

त्याच वेळी पार्वताबाईंना मोरीकडे जायचं होतं. गुडघ्यांमुळे त्या एकट्या उठत नसत. त्यांनी हाक मारली. मी त्या दुपारी लग्नाला भुसावळला गेले होते, नाहीतर मी ऐकली असती. पार्वताबाई पुढे सगळ्यांना सांगत राहिल्या की त्यांनी तीन हाका मारल्या. कोणी आलं नाही, मग त्या स्वतः उठल्या, आणि मोरीच्या उंबऱ्यावर पडल्या. खुबा मोडला.

ऑपरेशन झालं. खुब्यात सळई घातली. समाधान ओरडणारा माणूस नाही, त्याने घरी आल्यावर ते काळे हेडफोन उचलले आणि दुसऱ्या दिवशी मिलमध्ये नेले. डाळ भरडायच्या मशिनीजवळ बसणाऱ्या कामगाराला देऊन टाकले. "त्याला बरे पडतात," असं त्याने कामिनीला सांगितलं. "मशीन ऐकूच येत नाही म्हणतो." मग म्हणाला, "कान बंद करणारी वस्तू या घरात पुन्हा नको."

गाणं अर्धवट पडलं होतं. प्रेमराजचे फोन यायचे, हळदीचा हंगाम जाईल म्हणून. हेडफोनशिवाय मिक्सिंग होत नाही, आणि स्पीकरवर केलं तर पार्वताबाईंना त्रास. कामिनीने शोधून काढलं की उघड्या पाठीचे हेडफोन असतात. कानावर बसतात ती वाटी मागून बंद नसते, बारीक जाळी असते. आवाज आतबाहेर करतो. पुण्याच्या एका दुकानाची योजना होती: महिनाभर वापरून आवाज कसा आणि आराम कसा यावर इंग्रजीत सविस्तर अभिप्राय लिहून द्या, तर निम्म्या किमतीत. दुकानाने माहितीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, बाहेरचे सगळे आवाज ऐकू येतात. त्यांनी ती उणीव म्हणून लिहिली होती. समाधानने ती गुण म्हणून वाचली. "हे घे," तो म्हणाला. "घातले तरी कान उघडे."

इंग्रजीसाठी ती माझ्याकडे आली. माझं शिक्षण भुसावळच्या कॉन्व्हेंटमधलं, आणि मराठीतही मी काही गोल लिहिलं तर आमच्या सिस्टर अजून मागे उभ्या आहेत असं वाटतं. ती सांगायची, मी लिहून घ्यायची. मला रोजचं लिहायची सवय आहेच. त्यात हेही गेलं.

"आवाज कसा?" मी विचारायची.

"मोकळा."

"मोकळा म्हणजे काय? केसही मोकळे असतात."

ती हसली. "आधीच्या हेडफोनमध्ये गाणं डोक्याच्या आत वाजायचं. कवटीत कोणी बसलंय असं. यात ते बाहेर उभं राहतं. संबळवाला तिथे, खिडकीपाशी. बँजो तुमच्या खुर्चीजवळ. डोळे मिटले तर हात लावून सांगता येईल."

मी ते लिहिलं. मग आराम. कानावरच्या गाद्या मखमली, घाम शोषतात. एप्रिलमध्ये जळगावात कूलर बंद ठेवून बसणाऱ्या बाईला ही मोठी गोष्ट. आवाजासाठी कूलर बंदच ठेवावा लागायचा. वजन हलकं. चष्म्याच्या काडीवर दाब नाही. पण कानातल्या कुड्या टोचतात, त्या काढून ठेवाव्या लागतात, आणि सासूबाईंना सुनेचे कान भुंडे दिसलेले आवडत नाहीत. हे लिहायचं का, असं मी विचारलं. "कुड्यांचं लिहा," ती म्हणाली. "सासूबाईंचं नको."

पार्वताबाई आता पलंगावरच होत्या. दार उघडं, म्हणून त्यांना पलंगावरून टेबल दिसायचं. जाळीचे ते हेडफोन पाहून त्या मला म्हणाल्या, "देखा बाई, कानले चाळण्या लाईसन बठनी." तेव्हापासून त्या घरात हेडफोनला चाळण्याच म्हणतात.

आणि मग ते सुरू झालं.

कामिनी गाणं लावायची. थोड्या वेळाने झटक्यात थांबवायची, चाळण्या काढून टेबलावर टाकायची आणि आत जायची. "काय हवं, आई?" पार्वताबाई छताकडे बघत पडलेल्या. "काही नही." ती परत यायची, पुढून सुरू करायची. काही वेळाने पुन्हा तेच. पहिल्या दिवशी पार्वताबाईंना बरं वाटलं असावं, सून न बोलावता येते म्हणून. तिसऱ्याचौथ्या दिवशी त्या बिथरल्या.

"मी कवय हाक मारी? माले येडी समजस का?"

"मला ऐकू आली, आई."

"पडनू तवय आयकू उनी नही, आते न मारेल हाक आयकू येस."

पडले तेव्हा ऐकू आली नाही, आता न मारलेली ऐकू येते. हे भिंतीपलीकडून मी ऐकलं. हाक मात्र मीही ऐकली नव्हती, आणि भिंत पातळ आहे. मी तिला तसं सांगितलं नाही. समाधान मला गेटपाशी भेटला तर हळू आवाजात म्हणाला, "काकू, ती मुद्दाम करते. आईला दाखवायला, की बघा, आता किती लक्ष देते." मी म्हटलं, "तसं नसेल रे." तो म्हणाला, "मग डोक्याचं असेल," आणि निघून गेला. दोन्हीपैकी कोणतं त्याला बरं वाटलं असतं, मला सांगता येत नाही.

कामिनी बारीक झाली. मला एकदा म्हणाली, "काकू, चपला काढतच नाही आता पायातल्या." पण गाणं तिने पुरं केलं. रात्रीचा वेळ न घेता, दुपारीच, उठत बसत. धुळ्याला पाठवलं. प्रेमराजचा लगेच फोन आला, की ताई, काय केलंय, काय केलंय. ती कॉलनीच्या गेटपर्यंत जाऊन फुलपुडी घेऊन आली आणि देवाला वाहिली.

अभिप्राय तेवढा राहिला होता. निरनिराळ्या डोक्यांवर हेडफोन कसे बसतात तेही लिहा, असं दुकानाने कळवलं होतं. माझं डोकं लहान, केस विरळ, चष्मा जाड. ती म्हणाली, "काकू, तुम्ही घाला." तिने ते माझ्या कानांवर बसवले, चष्म्याची काडी नीट केली, आणि पुरं झालेलं गाणं लावलं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण संबळ खरंच खिडकीपाशी होता. मी तिकडे बघितलंसुद्धा. बायकांचा कोरस डावीकडून आला, दाराच्या बाजूने, तिचाच आवाज दोनतीनदा एकावर एक ठेवलेला. दोन ओळी झाल्या. मग नुसतं संगीत.

"अगं, आई बोलावतायत," मी म्हणाले. मोठ्याने, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तशी.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"जा ना. बोलावतायत तिकडून."

"काकू," ती म्हणाली, "आई घरात नाहीत. समाधान त्यांना खुब्याचा फोटो काढायला दवाखान्यात घेऊन गेलाय."

मी हेडफोन काढले. तिने ते स्वतःच्या कानांवर घातले, गाणं थोडं मागे नेलं, आणि या वेळी हात मांडीवर ठेवले. त्या जागेवरून गाणं पुढे गेलं तरी तिने ते थांबवलं नाही. मग कोरस एकटा काढून ऐकला. मग पुन्हा. खोलीत संगीत नव्हतं, आणि जाळीतून बारीक, डबीत भुंगा असावा तशी ती हाक मलाही ऐकू येत होती.

त्या दुपारची हाक होती ती. काळे हेडफोन घालून ती माइकसमोर उभी होती, दोन ओळींच्या मधे गप्प, कानात नुसता संबळ. तिला हाक गेली नाही, पण माइकला गेली. नंतर कोरस तिने डाव्या बाजूला ठेवला, कारण उजवीकडे बँजोची गर्दी होती. डाव्या बाजूलाच दार. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये गाण्यातला आवाज आणि घरातला आवाज एकाच हवेतून येतात. हाक यायची, हात आपोआप गाणं थांबवायचा, पाय आत जायचे. परत येऊन ती पुढून सुरू करायची. ती जागा सलग तिने कधी ऐकलीच नाही.

"मीच थांबवत होते," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी मीच."

उरलेल्या दोन हाका तिने शोधल्या. सापडल्या. तिच्या स्वतःच्या गाण्याच्या खाली होत्या, दबलेल्या. पडल्याचा आवाज नव्हता. त्याआधी तिने रेकॉर्डिंग बंद केलं होतं.

तिने तिथल्या तिथे प्रेमराजला फोन लावला. माझ्यासमोर, मोठ्या आवाजावर.

"भाऊ, ते गाणं चढवू नका. त्यात घरातला एक आवाज राहिलाय. मी अर्ध्या तासात स्वच्छ करून पाठवते."

"कोणता आवाज, ताई? ती हाक?"

"तुम्ही ऐकली?"

"ऐकली म्हणजे? अहो, तेच तर गाणं आहे. नवरीला हळद लावायला बोलावतात, आणि मधेच कोणी म्हातारी 'कामिनी वं'. मी समजलो तुम्ही मुद्दाम टाकली. काय डोकं आहे म्हटलं बाईचं. मी तर थोडी वर काढलीय. दोन ठिकाणी पुन्हा लावलीय."

"ती काढा, भाऊ. ती माझ्या सासूबाईंची आहे."

"मग तर घरचीच झाली. आणि ताई, सकाळीच चढवलं. लोकांना आवडलंय. बघा तर खरं."

तिने विचारलं, "नाव टाकलंत?"

"कशाचं?"

"माझं. आख्ख्या पडद्यावर म्हणाला होतात."

प्रेमराज हसला. मनापासून हसला, त्यात खोट नव्हती, आणि ते अधिक वाईट. "अहो ताई, गाण्यातच तुमचं नाव आहे की. तीन वेळा आहे. आता अजून कुठे टाकू?"

पुढचं जळगाव-धुळ्यात ज्यांच्या घरी लग्न झालं त्यांना माहीत असेल. हळदीत ती हाक वाजली की बायका कमरेवर हात ठेवून मागे वळतात, ओ दिल्यासारखं करतात, आणि नाच पुढे सुरू होतो. वरातीच्या गाडीवर डीजेवाले हाक तेवढीच पुन्हा पुन्हा लावतात. कॉलनीतली पोरं कामिनीला जाताना बघून ओरडत, "कामिनी वं." समाधानने मोबाइलची रिंगटोन ठेवली. मिलमध्ये त्याचं कौतुक झालं. डोक्याचं असेल असं तो पुन्हा म्हणाला नाही. न म्हणण्याने ते पुसलं गेलं असं त्याला वाटत असावं.

पार्वताबाईंना हे कळायला वेळ लागला. एका संध्याकाळी समोरच्या रस्त्याने वरात जात होती. मी त्यांच्यापाशी बसले होते, कामिनी भाजी निवडत होती. गाडी दारासमोर थांबली. खिडकीची तावदानं थरथरली, आणि मग ती हाक, घराएवढी.

पार्वताबाई ऐकत राहिल्या. पुन्हा झाली. त्या हसतील असं मला वाटलं होतं, कारण गल्लीत सगळे हसत होते.

"हाई ते मी पडनू त्या दिननी हाक शे," त्या म्हणाल्या.

कामिनीचा हात मेथीत तसाच राहिला. आम्ही दोघींनी त्यांना सांगितलं नव्हतं, समाधानलाही ती हाक कोणत्या दिवशीची ते सांगितलं नव्हतं. स्वतःच्या भीतीचा आवाज माणूस ओळखतो बहुतेक.

"तवय तू आयकी नही," त्या सुनेला म्हणाल्या. "आते बठ्ठा गावले आयकाडस."

आता सगळ्या गावाला ऐकवतेस. बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती.

अभिप्रायाची मुदत संपत आली, तेव्हा ती आपणहून आली. म्हणाली, "लिहून टाकू, काकू." आवाजाबद्दल तिने सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं: या हेडफोनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज आणि घरातला आवाज यांत फरक करता येत नाही. मला उठून जावं लागलं. ज्यांच्या घरात त्यांना कोणी बोलावत नाही, अशांनी हे घ्यावेत. आरामाबद्दल म्हणाली, "लिहा, घातल्यावर विसरायला होतं असं तुम्ही दुकानवाले म्हणता. मला एकदाही विसरता आले नाहीत." कुड्यांचं राहू दिलं. मी एकही शब्द मऊ केला नाही.

मे महिन्यात प्रेमराज स्वतः आला. धुळ्याहून गाडी करून, पेढे आणि एक नऊवारी घेऊन. नऊवारी पार्वताबाईंसाठी. व्हिडिओ काढायला एक माणूस बरोबर होता. पार्वताबाईंना उशा लावून बसवलं, नऊवारी खांद्यावर पांघरली, प्रेमराज पाया पडला. त्याला पुढच्या गाण्यासाठी नवीन हाका हव्या होत्या.

"आक्का, जशी तेव्हा मारली तशी," तो म्हणाला.

तेव्हा म्हणजे कधी, हे त्याला माहीत नव्हतं. पार्वताबाईंनी सुनेकडे बघितलं. मग पेढा गिळला आणि म्हणाल्या, "मोठा आवाजमा मारू का?"

माइक कामिनीने धरला. पलंगाच्या कडेला बसून, चाळण्या कानावर, डोळे जमिनीकडे. पार्वताबाईंनी हाक मारली. कामिनीने मान हलवली, नको. "आई, थोडं लांबून आल्यासारखं." पुन्हा मारली. "अजून." पार्वताबाईंना त्यात गोडी वाटू लागली होती. त्या कधी लाडाने मारत, कधी रागाने, मधेच स्वतःच हसत. बाजूला मी बसले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पाहिलं की हाक मारणारी आणि ऐकणारी एकमेकींच्या समोर आहेत.

"तुले आयकू येस ना वं आते?" पार्वताबाई मधेच म्हणाल्या. माइक चालू होता. ती चेष्टा होती की नाही, मला ठरवता आलं नाही.

"येतं, आई," कामिनी म्हणाली. "मारा."

दुसरं गाणं आलं तेव्हा शेवटी नावांची यादी होती. गीत, संगीत, कॅमेरा, ड्रोन. चहापाणी : मगनभाऊ. आणि त्यानंतर, आख्ख्या पडद्यावर, एकटं, सोनेरी अक्षरांत, हाक : पार्वताबाई. मिक्सिंगची ओळ नव्हती. पार्वताबाईंनी ते गावाकडच्या सगळ्यांना दाखवायला लावलं. कामिनीनेच मोबाइल धरून दाखवलं.

परवा पुण्याच्या दुकानाने अभिप्राय त्यांच्या साइटवर टाकला. तिने मला बोलावून दाखवला. मी लिहिलेल्यातलं एक वाक्य ठेवलं होतं, "मला उठून जावं लागलं," आणि त्याआधी दुकानाने स्वतःचं जोडलं होतं, की आवाज इतका खरा. खाली नाव होतं. कामिनी, गृहिणी, जळगाव.

मी काही बोलणार होते. बायोडाटातल्या त्या ओळी मला आठवल्या होत्या, तिलाही आठवल्या असणार.

"नाव बरोबर लिहिलंय," ती म्हणाली, आणि प्रेमराजचं तिसरं गाणं लावून चाळण्या चढवल्या. त्यातही हाका आहेत. तेवढ्यात डावीकडून हाक आली. तिने गाणं थांबवलं आणि उठली. आतली होती की गाण्यातली, हे ती आता बघत नाही.